परिशिष्ट ‘ब’मधले अंगठे

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, दिवाळी अंकासाठी तुमच्या विद्यार्थ्यांच्या संशोधनाबद्दल लिहा. त्यांचं यश, बक्षिसं, असं काहीतरी प्रेरणादायी." प्रेरणादायी हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. नोकरीत असताना दर सत्काराला हा शब्द ऐकत आले, आणि ज्या पोरीमुळं तो खरा वापरावा अशी वेळ आली, तिचं आम्ही सगळ्यांनी मिळून काय केलं ते मला माहीत आहे. मी म्हटलं, लिहिते. प्रेरणा मिळेलच असं सांगत नाही.

मी समाजकार्य महाविद्यालयात शिकवत होते. नांदेडला, लातूरला आणि आसपासच्या तालुक्यांतही अशी महाविद्यालयं आहेत, त्यांतल्याच एकात. नेमकं कुठलं ते सांगत नाही, कारण पुढं कळेल. आमच्या या विषयाबद्दल लोकांच्या कल्पना मोठ्या मजेशीर. माझे सख्खे दीर दर दिवाळीला विचारायचे, "वहिनी, समाजसेवा करायला डिग्री कशाला लागते? मन लागतं." मी म्हणायची, "भाऊजी, ऑपरेशन करायला पण मन लागतं, म्हणून तुम्ही करता का?" शेजारच्या काकूंना वाटायचं, आम्ही पोरांना झाडू मारायला आणि ब्लँकेट वाटायला शिकवतो. त्यांच्या सुनेचं भांडण मिटवायला मला दोनदा बोलावणं आलं होतं. मी गेलेही होते, आणि दोन्हीकडून बोलणी खाऊन आले.

खरं काम असं. एम.एस.डब्ल्यू.ची दोन वर्षं. आठवड्यातले दोन दिवस पोरं वर्गात नसतात, क्षेत्रकार्याला असतात. म्हणजे दवाखान्यात, वस्तीत, शाळेत, तुरुंगात, खेड्यात. तिथं काय पाहिलं, कोण काय बोललं, आपण काय केलं, हे लिहून आणायचं. मग शिक्षकानं एकेकाला समोर बसवून खोदून खोदून विचारायचं. शेवटच्या वर्षी लघुप्रबंध. एक विषय घ्यायचा, माणसांकडं जायचं, प्रश्नावली भरून आणायची आणि पाच प्रकरणांत लिहायचं. वर रेक्झिनचं कव्हर आणि सोनेरी अक्षरं. आत मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र असतं: हे संशोधन विद्यार्थ्यानं स्वतः केलेलं असून ते मूळ आहे. खाली सही. माझी अशी सही किती प्रबंधांवर असेल, देवालाच ठाऊक.

आता देवाला जे ठाऊक आहे ते कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्यालाही ठाऊक होतं. त्याच्या कॉम्प्युटरात प्रबंध भरून ठेवलेले असायचे. गावाचं नाव बदललं, तालुका बदलला, की दुपारच्या चहापर्यंत नवा प्रबंध तयार. विषय नेहमी एकच, महिला बचत गट. आमच्या भागातल्या बचत गटांवर इतके प्रबंध झालेत की गटातल्या बायकांपेक्षा प्रबंध जास्त असावेत.

एकदा एका पोरानं अर्धापूर तालुक्यातल्या बचत गटांवर प्रबंध आणला. मी चाळत होते. चौथ्या प्रकरणात लिहिलं होतं की, येथील महिलांचा मुख्य व्यवसाय सुकी मासळी विकणे हा असून समुद्र खवळल्यास उत्पन्न घटते. अर्धापूरला केळी. बघाल तिकडं केळी.

"बाळा," मी म्हटलं, "अर्धापूरला समुद्र कुठून आला?"

"मॅडम, ते नजरचुकीनं राह्यलं," तो म्हणाला. लाजसुद्धा नव्हती. वर म्हणतो, "काढून आणू का?"

मी त्याचा प्रबंध परत केला. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं, पोराचं वर्ष वाया जाईल म्हणाले, आणि समुद्र काढून तो प्रबंध पास झाला. प्रमाणपत्रावर सही माझीच.

त्या रागात मी एक नियम केला. प्रबंधाच्या शेवटी परिशिष्टं असतात. ‘अ’मध्ये प्रश्नावली. मी नवं ‘ब’ सुरू केलं. ज्या ज्या माणसाला भेटलात त्याचं पूर्ण नाव, गाव, राहण्याची वस्ती, कामाचं ठिकाण सोडून सगळं, आणि पुढं सही किंवा अंगठा. अंगठ्याशिवाय मी प्रबंध हातात घेणार नाही. पोरं वैतागली. निम्मी माझ्याकडं मार्गदर्शन मागेनाशी झाली, ते बरंच झालं. बाकीच्या कॉलेजांनीही हळूहळू तो नियम उचलला. एका कार्यशाळेत मी त्यावर भाषण ठोकलं, टाळ्या घेतल्या. मला वाटायचं, आपण मोठा तीर मारला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी प्रज्ञा आली. तेलंगणाच्या सीमेकडच्या पट्ट्यातलं तिचं गाव, रेल्वेनं रोज ये-जा करायची. घरी आई, शांताबाई. बाप लवकर गेलेला. त्या पट्ट्यात लाल मिरचीचा मोठा व्यापार. हंगामात गोदामं भरतात आणि बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत जमिनीवर बसून मिरचीचे देठ खुडतात. शांताबाई तेच काम करायच्या, प्रज्ञाला त्याच कामावर त्यांनी एम.एस.डब्ल्यू.पर्यंत आणलं होतं.

"मॅडम, मला देठ खुडणाऱ्या बायकांवर करायचं हाय," प्रज्ञा म्हणाली.

मी म्हटलं, "आईची मुलाखत घेणार असशील तर चालणार नाही. नात्यातलं माणूस उत्तरदाता म्हणून घेत नाहीत."

"माय न्हाई घेत मी. गल्लीतल्या मावश्या हायत, बाकीच्या बी गोदामातल्या हायत."

ती गोदामात जाऊ शकत नव्हती, मुनीम आत सोडत नव्हता. म्हणून संध्याकाळी बायका घरी आल्या की ती गल्लीत जायची. तेव्हा सगळ्या जणी ओट्यावर बसून हात ताकात बुडवून ठेवायच्या. मिरचीची आग पाण्यानं जात नाही, पाण्यानं ती पसरते. ताक, नाहीतर खोबरेल तेल. तेवढा अर्धा तास त्यांना दुसरं काही करता येत नसे, आणि तेवढा अर्धा तास प्रज्ञाला मिळायचा. प्रश्नावलीतले होय-नाहीचे रकाने तिनं दुसऱ्याच दिवशी बाजूला ठेवले. म्हणाली, "त्याच्यात काय मावून न्हाई राह्यलं."

तिनं स्वतःचा एक प्रश्न काढला. घरी आल्यावर लेकराला जवळ कसं घेता? मी तीसेक वर्षं प्रश्नावल्या तपासल्या, असा प्रश्न मला सुचला नसता. एका बाईनं सांगितलं, लेकराचं नाक ती कोपरानं पुसते. दुसरी म्हणाली, तिचं लेकरू पाठीमागून येऊन बिलगतं, पुढून येतच नाही, त्याला ठाऊक आहे की हात लागला की डोळे जळतात. वच्छलाबाई नावाच्या एक वयस्क मावशी होत्या, सगळ्या गल्लीत त्यांच्या शब्दाला मान. त्या म्हणाल्या, "महे तीन लेकरं मोठे झाले, त्यांच्या तोंडावरून हात फिरवल्याचं मला ध्यानात न्हाई." मी हे वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

शिफारशींचं प्रकरण आलं. आमच्याकडं शिफारस म्हणजे ‘शासनाने याकडे लक्ष द्यावे’. प्रज्ञानं दोनच ओळी लिहिल्या होत्या. गोदामात हात धुवायला नळ, साबण आणि तेल असावं. अंगावर पाजणाऱ्या आयांना दुपारी घरी जाऊ द्यावं. मी म्हटलं, शासनाचं काहीतरी लिही.

"शासन येऊन नळ बसवणार हाय का मॅडम? नळ मालकानंच बसवायचा हाय."

मग परिशिष्ट ‘ब’ची वेळ आली. ती माझ्यासमोर उभी राहून बोटं चोळत होती.

"मॅडम, बाया बोलतात चांगलं, पर अंगठ्याचं नाव काढलं की भिऊन राहिल्यात. मालकाला कळलं तर म्हणतात. नावाच्या जागी नंबर लिहू का? उत्तरदाती एक, उत्तरदाती दोन. तुम्हीच शिकवलं होतं पहिल्या सत्रात, गोपनीयता."

शिकवलं होतं. समाजकार्याचं पहिलं तत्त्वच ते. तुमच्याकडं विश्वासानं बोललेल्या माणसाची ओळख जपायची. पहिल्या सत्रात मी त्यावर दोन तास बोलायची आणि चौथ्या सत्रात अंगठा मागायची, आणि यात काही विसंगत आहे हे माझ्या शिकलेल्या टाळक्यात कधी आलं नाही. मी तिला म्हटलं, "एकीला सूट दिली की उद्या सगळे नंबरच लिहून आणतील. आणि मालकाला कसं कळेल? प्रबंध ग्रंथालयात राहतो. तिथं आपली पोरं फिरकत नाहीत, मालक कुठला जातोय?"

ती अंगठे घेऊन आली. मी पाहिलं तर सगळे नुसते शाईचे डाग. रेघ म्हणून एक दिसेना. मला शंका आली. वर्षानुवर्षं खोटं पाहून माझी नजर खऱ्यावरच विश्वास ठेवेनाशी झाली होती. मी म्हटलं, "हे अंगठे नाहीत. एकाच बोटानं ठोकलेत का? परत घेऊन ये."

"मॅडम, त्यांचे अंगठे असेच उमटतात. सालटं गेलेत. रेशनच्या मशीनवर बी येत न्हाईत."

तरी मी तिला परत पाठवलं. ती गेली, गल्लीभर फिरली, दुसऱ्यांदा अंगठे घेऊन आली. पुन्हा डागच. तेव्हा कुठं मी सही केली.

प्रबंधाला विद्यापीठ पातळीवरच्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळाला. आमच्या कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदाच. लगेच फाटकावर फ्लेक्स लागला. वर संस्थेच्या एका संचालकांचा भला मोठा फोटो, कारण सत्काराला पाहुणे तेच. खाली प्राचार्य. त्याखाली मी. आणि कोपऱ्यात, शोधून काढावी लागेल एवढी, प्रज्ञा. मला ते खटकलं, असं आता लिहायला सोपं आहे. तेव्हा मी मुकाट्यानं फ्लेक्सचा फोटो काढून बहिणीला पाठवला.

पाहुण्याला शाल, नारळ आणि एक ग्रंथ द्यायची आमच्याकडं पद्धत. ग्रंथ म्हणजे ग्रंथालयात पडून असलेलं काहीतरी जाडजूड. मी म्हटलं, या वेळी प्रज्ञाचा प्रबंधच देऊया. प्राचार्य खूश झाले. कार्यक्रमाच्या आधी प्रज्ञा स्टेजच्या मागं धावत आली. गाडी उशिरा आल्यामुळं ती तेव्हाच पोचली होती, फ्लेक्स तिनं आत्ताच पाहिला होता.

"मॅडम, पाहुण्यांना प्रबंध नका देऊ."

"लाजतेस काय, वेडे. अभिमानाची गोष्ट आहे."

"मॅडम, ऐका तर. ते..."

"नंतर बोल. माईक चालू झालाय."

संचालकांचा शेतमालाचा व्यवसाय आहे एवढं मला माहीत होतं. सोयाबीन असेल असं वाटायचं. मी विचारलं कधीच नव्हतं. माझ्या हातानं मी त्यांना तो प्रबंध दिला, फोटोसाठी थांबले, हसले. भाषणात ते म्हणाले, "मी हे पुस्तक पूर्ण वाचणार आहे." पाहुणे असं नेहमी म्हणतात आणि पुस्तक गाडीत विसरतात. हे गृहस्थ विसरले नाहीत.

गोदामाचं नाव प्रज्ञानं प्रबंधात कुठंच लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. बायकांची नावं होती, वस्ती होती, अंगठे होते.

आठ दिवसांनी सकाळी मुनीम गोदामाच्या दारात कागद घेऊन उभा राहिला आणि शाळेत हजेरी घेतात तशी अकरा नावं वाचली. ज्या क्रमानं परिशिष्टात होती, त्याच क्रमानं. या अकरा जणींनी उद्यापासून यायचं न्हाई, म्हणाला. हंगाम ऐन भरात होता. बाकीच्या गोदामांनीही त्यांना घेतलं नाही, असल्या गोष्टी बाजारात पसरायला वेळ लागत नाही.

आणि यादीत शांताबाईंचं नाव नव्हतं. असणार कसं? नात्यातलं माणूस घ्यायचं नाही, हा माझाच नियम. अकरा जणी घरी बसल्या आणि जिच्या लेकीनं अंगठे नेले ती बाई कामावर. गल्लीनं काय समजायचं ते समजलं. पाण्याला गेलं की बोलणं बंद व्हायचं. कोणीतरी ऐकू जाईल असं म्हणालं, "शांतानं लेकीला मोठं केलं अन् आमच्या पोटावर पाय आणला." तिसऱ्या दिवसापासून शांताबाई स्वतःहून कामाला जायच्या थांबल्या. त्यांना कोणी जाऊ नको म्हटलं नव्हतं.

प्रज्ञानं हे सगळं मला स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या सांगितलं. रडली नाही. शेवटी म्हणाली, "ते मालक हायत, हेच सांगायला आल्ते मी त्या दिवशी." मी खुर्चीत बसून होते. माझ्याच्यानं तिच्याकडं बघवेना.

मी तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी पंखा वाढवला, पाणी मागवलं. म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावना मी समजतो. पण ते संस्थेचे संचालक आहेत. आणि कामावर कुणाला ठेवायचं हा त्यांचा खासगी प्रश्न." मी म्हटलं, "मग प्रबंध त्यांना देणं हा कुणाचा प्रश्न होता?" ते म्हणाले, "ती सूचना तुमचीच होती मॅडम." खरंच होतं ते. वर माझ्या निवृत्तीला किती महिने राहिलेत याचीही त्यांनी आठवण करून दिली. समाजकार्याचे प्राचार्य, बरं का. सामाजिक न्याय हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय.

मग मी संचालकांच्या घरी गेले. त्यांनी उठून नमस्कार केला, चहा दिला. आवाज एकदाही चढला नाही. म्हणाले, "मॅडम, मी कोणाला काढलं न्हाई. पर त्या पुस्तकाला बक्षीस भेटलं, पेपरात चार ओळी आल्या. उद्या कोणी अधिकारी येऊन उभा राहिला तर? महा बी धंदा हाय. एक करा. त्या पोरीनं लिहून द्यावं की, हे सगळं घरी बसून भरलं, बाया-बिया कोणी भेटल्या न्हाईत. तुम्ही मार्गदर्शक म्हणून खाली सही करा. बाया परवापासून कामावर."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "माझ्या आख्ख्या नोकरीत हा एक प्रबंध खरा आहे. तो खोटा म्हणून लिहून देऊ?"

"बाकीचे खोटे हायत म्हणता?" ते शांतपणे म्हणाले. "मग त्याच्यावर सही कोणाची हाय?"

मी उठले. चहा तसाच ठेवून निघाले.

रविवारी संध्याकाळी बुद्धवंदना झाल्यावर वस्तीतल्या विहारात सगळ्या जमल्या. अकरा जणी चटईवर. प्रज्ञा भिंतीशी. शांताबाई दाराजवळ, उंबऱ्याला टेकून, एकट्या. मी उभी राहिले आणि बोलायला लागले. कामगार कार्यालय, महिला आयोग, वर्तमानपत्रं, कोर्ट. हा तुमचा हक्क आहे, आपण लढू, खोटं लिहून द्यायचं नाही, एकदा वाकलो की कायमचं वाकावं लागतं. चांगलं बोलत होते मी. वर्गात असं बोलले की पोरं लिहून घ्यायची.

वच्छलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाई, किती दिस लागतील याला?"

हंगाम संपायला महिना होता आणि मी म्हणत होते त्यातलं काहीही महिन्यात होणारं नव्हतं.

"अंगठा घ्यायला तुम्ही लेकीला दोनदा पाठवलं," वच्छलाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तवा तुम्ही स्वतः एकदा आल्या असत्या तर आमचे हात तुम्हाला दिसले असते. आता आलाव तर लढा म्हणता. लढू की. पर आज चूल पेटली पाह्यजे."

मग त्या प्रज्ञाकडं वळल्या. "लिव बाई. खोटं हाय म्हणून लिव. कागदावर काय बी लिव. आपल्याला ठावं हाय ना काय खरं ते."

"मावशी, मग मी भेटलेच न्हाई म्हणून लिहू?" प्रज्ञाचा आवाज पहिल्यांदा फुटला.

"हाव. भेटलीच न्हाई म्हण. आम्ही बी म्हणतो."

ती तिथंच वहीचं पान काढून लिहायला बसली. एक ओळ लिहायची आणि थांबायची. बाकीच्या तिच्या भोवती बसल्या होत्या. वच्छलाबाईंनी दाराकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "शांते, तिथं कामून बसलीस? इकडं ये. लेकीजवळ बस." शांताबाई उठल्या नाहीत तशी त्या स्वतः उठल्या आणि त्यांचा दंड धरून घेऊन आल्या. आठ दिवस जी गल्ली बोलत नव्हती ती सरकून बसली. मी माझ्या पुस्तकांतून समूहकार्य शिकवलं आहे, त्याच्या पायऱ्या फळ्यावर लिहिल्या आहेत. त्या दिवशी ते पाहिलं.

प्रज्ञानं कागद माझ्यापुढं धरला. "मॅडम, सही." मी केली.

दहा जणींना कामावर घेतलं. वच्छलाबाईंना नाही, वय झालं, म्हणाला मुनीम. विहारात कोण बोललं हे त्याला कोणीतरी सांगितलं असणार. त्यांनी पुढं शाळेपुढं बोरं-चिंचा विकायला सुरुवात केली.

कॉलेजात चौकशी समिती बसली. विषय, विद्यार्थिनीने केलेली शैक्षणिक फसवणूक. समितीतल्या एका सरांच्या हाताखालून दर साली बचत गटाचे पाच-सहा प्रबंध जात. त्यांनी प्रज्ञाला तासभर प्रामाणिकपणावर सुनावलं. बक्षीस काढून घेतलं, ढाल परत मागवली, निकाल रोखला, नवा प्रबंध करायला लावला. ज्यानं अर्धापूरला समुद्र आणला तो पोरगा आज एका संस्थेत प्रकल्प अधिकारी आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपल्याकडं उगाच नाही. मला सक्त ताकीद मिळाली आणि चारच महिन्यांनी निरोपाच्या भाषणात ‘संशोधनाचा दर्जा जपणाऱ्या मॅडम’ असंही ऐकायला मिळालं. दोन्ही कागद प्राचार्यांनीच वाचले.

एक गुन्हा मी मात्र मुद्दाम केला. निवृत्तीच्या आधी ग्रंथालयात गेले, प्रज्ञाचा प्रबंध काढला आणि ब्लेडनं परिशिष्ट ‘ब’ची पानं कापून घेतली. ती घेऊन वच्छलाबाईंकडं गेले. त्यांनी विचारलं, "यात महा कोणचा?" मी बोट ठेवून दाखवला. त्यांनी तो डाग थोडा वेळ पाहिला, पानं दुमडून चुलीत सारली आणि वर चहाचं आधण ठेवलं. "चहा घेऊन जावा," म्हणाल्या. घेतला.

प्रज्ञाला डिग्री मिळाली, वर्षभर उशिरा, दुसऱ्या विषयावर. ती आता दुसऱ्या जिल्ह्यात बायकांच्या कामाच्या ठिकाणच्या तक्रारींचं काम करते. मधली दोन वर्षं तिनं माझा फोन घेतला नाही. मग एकदा स्वतःहून केला, तिच्याकडच्या एका केसबद्दल विचारायला. तेवढ्यावर आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

हा लेख लिहून मी आधी तिला पाठवला. ती गावी गेली, सगळ्या मावश्यांना बसवून वाचून दाखवला आणि चार दिवसांनी तिचा फोन आला. "मॅडम, मावश्या छापा म्हणतात. पर काही दुरुस्त्या हायत. लिहून घ्या."

मी वही घेतली. मावश्यांची नावं बदला, मायचं बदला, माझं बदला. किती जणींना काढलं तो आकडा बदला. वच्छला मावशी आता काय विकतात ते दुसरंच काहीतरी लिहा. मुनीम काय बोलला ते एका जागी काढून टाका, त्यावरून गोदाम कळतं. मी एकेक करत गेले. नोकरीत असताना कोणी माझं वाक्य खोडलं असतं तर मी भांडले असते.

"अजून एक हाय," ती म्हणाली. "रागवू नका."

"बोल."

"लेखाच्या खाली तुमचं नाव हाय."

"असणारच. अगं, खोट्या कागदावर आयुष्यभर सह्या केल्या मी. तुझ्या त्या कागदावर पण केली. एकदा खऱ्याखाली तरी करू दे. तो प्रबंध खरा होता, हे माझ्या नावानं छापून येऊ दे."

"मॅडम, तुमचं नाव आलं की कॉलेज कळतं. कॉलेज कळलं की मालक कळतो. मालक कळला की मावश्या कळतात. त्यातल्या सहा जणी अजून तिथंच कामाला हायत."

ती पलीकडं थांबली होती. मी तिला अशीच कितीदा उभी केली होती, ते आठवलं.

"काढते," मी म्हटलं.